सर जॉर्ज थॉमस

दि. १५ मे २०२२ रोजी बँकॉक येथे भारताच्या पुरुष संघाने इंडोनेशियाचा ३-० असा पराभव करून बॅडमिंटनमधील थॉमस चषक प्रथमच जिंकला. त्या संघात मुंबईचा चिराग शेट्टी होता, हे आपल्या घरांतील मुलांना ठाऊक आहे. परंतु ज्यांच्या नावाचा हा चषक, ते थॉमस कोण, असे विचारले असता मुले, आणि खरे सांगावयाचे तर त्यांचे वडीलही, निरुत्तर होतात. म्हणून हा अल्पपरिचय.

जॉर्ज ॲलन थॉमस यांचा जन्म १४ जून १८८१ रोजी कॉन्स्टॅन्टिनोपल, म्हणजे आजचे इस्तंबूल, या शहरानजीक झाला. घराण्यात 'सर' ही पदवी वंशपरंपरेने चालत आलेली. मातोश्री लेडी एडिथ यांनी १८९५ साली हेस्टिंग्ज येथे स्त्रियांची बुद्धिबळ स्पर्धा जिंकली होती. तेव्हा तो खेळ त्यांच्याकडे घरातूनच आला म्हणावयाचा.

बॅडमिंटनचा आपल्या पुण्याशी जुना संबंध आहे. तेथील छावणीत इंग्रज अधिकारी तो खेळत, व काही काळ त्याचे नावच पूना असे पडले होते. पुढे विलायतेत त्या खेळाची सर्वांत मानाची स्पर्धा म्हणजे ऑल इंग्लंड. तीत थॉमस यांनी १९०३ ते १९२८ या काळात एकूण २१ अजिंक्यपदे मिळविली. त्यांपैकी एकेरीची चारही १९२० ते १९२३ अशी ओळीने, म्हणजे वयाची अडतिशी गाठल्यावर! टेनिसमध्येही ते १९११ साली विंबल्डनच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेले होते.

बुद्धिबळात १९२३ व १९३४ साली ते ब्रिटनचे विजेते ठरले. १९१२ साली एडवर्ड लास्कर यांनी वजिराचा बळी देऊन थॉमस यांचा राजा स्वतःच्या घरापासून थेट शत्रूच्या घरापर्यंत ओढत नेला व तेथे मात केली. तो डाव जगभर छापला गेला. हरलेल्या थॉमस यांनी मात्र प्रतिपक्षाची तिथल्या तिथे मनमोकळी प्रशंसा केली.

मला त्यांच्या चरित्रातील सर्वांत मोलाची वाटते ती पुढील गोष्ट. पंजाबातील सर उमर हयात खान यांच्या पदरी असलेले मीर सुलतान खान यांनी १९२९, १९३२ व १९३३ साली ब्रिटनचे अजिंक्यपद पटकावले. १९३० साली हँबर्ग व १९३१ साली प्राग येथील जागतिक सांघिक स्पर्धांत ब्रिटनच्या पहिल्या पटावर सुलतान खान बसले आणि सर थॉमस त्यांच्याखालच्या पटावर. भारत त्या वेळी इंग्रजांच्या अमलाखाली होता, हे ध्यानी घ्यावे. पंगतीत आपले पान कोठे मांडले यावरून वर्षानुवर्षे अबोला धरणारी माणसे आपण पाहिली आहेत. थॉमस तेथे बसले व खेळले. पुढे १९३४-३५ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत, वयाच्या ५३ व्या वर्षी, त्यांनी कापाब्लांका व बोटविनिक या दोघांनाही हरविले आणि ऑयवे व फ्लोर यांच्यासह पहिला क्रमांक वाटून घेतला.

आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन महासंघ १९३४ साली स्थापन झाला, तेव्हापासून १९५५ पर्यंत ते त्याचे अध्यक्ष होते. राष्ट्राराष्ट्रांत सामने व्हावेत म्हणून १९३९ साली त्यांनी चषक देऊ केला, पण महायुद्धामुळे पहिली स्पर्धा १९४८-४९ साली झाली. इंग्लंडमधील प्रेस्टन येथे अंतिम सामन्यात मलायाने डेन्मार्कला ८-१ असे हरविले. थॉमस यांच्या हयातीत तो चषक इंग्लंडला एकदाही मिळाला नाही.

२३ जुलै १९७२ रोजी लंडन येथे ते निवर्तले. ते अविवाहित होते. घराण्याची पदवी त्यांच्याबरोबरच संपुष्टात आली.