११ व्या वर्षी ऑलिम्पिक, १९ व्या वर्षी इंग्लिश खाडी : आरती साहा यांची आठवण

कापडे (पोलादपूर) : आज २९ सप्टेंबर. आपल्याकडे हळवं भात पिवळं पडायला लागलंय, पाऊस जाता जाता अजून एखादी सर टाकतोय आणि नदीचं पाणी आता कुठं निवळतंय. याच तारखेला, १९५९ साली, कोलकात्याची एक १९ वर्षांची मुलगी फ्रान्सच्या किनाऱ्यावरून समुद्रात उतरली आणि पोहत इंग्लंडला पोचली. तिचं नाव आरती साहा. इंग्लिश खाडी पोहून जाणारी आशिया खंडातली ती पहिली महिला. शाळेत सामान्यज्ञानाच्या पुस्तकात हे नाव आपण एका ओळीत पाठ केलेलं असतं. त्या एका ओळीमागं काय काय होतं, ते वाचकांसमोर ठेवावं म्हणून हा लेख.

आरतीचा जन्म २४ सप्टेंबर १९४० चा. घर साधं, वडील लष्करी नोकरीत. अडीच वर्षांची असताना आई गेली. भावंडं मामाकडं वाढली, तर आरतीला उत्तर कोलकात्यात आजीनं सांभाळलं. काकांबरोबर ती हुगळी नदीच्या चांपातला घाटावर आंघोळीला जायची. तिथंच ती हातपाय मारायला शिकली. आपल्याकडची पोरं सावित्रीच्या डोहात शिकतात, तसंच. फरक इतकाच की पोरीची पाण्यातली ओढ तिच्या वडिलांनी ओळखली आणि तिला हाटखोला क्लबात घातलं. तिथं सचिन नाग यांची नजर तिच्यावर पडली. हेच सचिन नाग पुढं १९५१ साली दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत १०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये सुवर्णपदक जिंकले. गुरू असा भेटला आणि पोरीनं त्याचं चीज केलं.

१९४६ साली, वयाच्या ५ व्या वर्षी, तिनं ११० यार्डांची शर्यत जिंकली. १९४८ ला मुंबईत राष्ट्रीय स्पर्धा झाली, त्यात मोठ्या मुलींमध्ये उतरून दोन रौप्य आणि एक कांस्य मिळवलं. त्या काळात मुंबईच्या डॉली नाझीर यांचा पोहण्यात मोठा दबदबा होता. १९५१ मध्ये आरतीनं १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक १ मिनिट ३७.६ सेकंदांत पोहून डॉली यांचा अखिल भारतीय विक्रम मोडला.

पुढच्याच वर्षी, १९५२ ला, हेलसिंकी ऑलिम्पिक आलं. आपल्या घाटावरच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव ज्या ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक घेऊन आले, तेच हे ऑलिम्पिक. भारताच्या पथकात महिला खेळाडू फक्त चार, त्यातल्या पोहणाऱ्या दोघी म्हणजे डॉली नाझीर आणि आरती साहा. आरती तेव्हा ११ वर्षांची. आपल्याकडं या वयाची पोर पाचवी-सहावीत असते. २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये ती पहिल्या फेरीच्या पुढं गेली नाही. पण एवढ्या वयात ती तिथं उभी राहिली, हेच मोठं होतं.

ऑलिम्पिकहून आल्यावर १०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये ती हरली, तीही सख्ख्या बहिणीकडून. भारती साहा हीसुद्धा पट्टीची पोहणारी. त्यानंतर आरतीनं ब्रेस्टस्ट्रोकवरच लक्ष दिलं. गंगेतल्या लांब पल्ल्याच्या शर्यतीही ती पोहायची. १९५८ मध्ये ढाक्याचे ब्रजेन दास इंग्लिश खाडी पोहून गेले, त्याच वर्षी मिहिर सेन यांनीही ती पार केली. मग आरतीच्या मनानंही घेतलं.

पण खाडी पोहायची तर पैसा पाहिजे. विमानाचं तिकीट, तिथला मुक्काम, सोबतची बोट, सगळाच खर्च. घरची परिस्थिती बेताची. डॉ. अरुण गुप्ता आणि इतर हितचिंतकांनी वर्गणी जमवली. बंगालचे मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांनी ११ हजार रुपयांची सोय करून दिली. १९५९ च्या एप्रिलमध्ये कोलकात्याच्या देशबंधू पार्कातल्या तलावात ती लोकांच्या गर्दीसमोर ८ तास सलग पोहली, पुढं १६ तास. जुलैमध्ये ती इंग्लंडला रवाना झाली.

ही खाडी नकाशावर सरळ रेषेत जेमतेम ३३-३४ किलोमीटर. मग एवढं कौतुक कशाचं, असं कुणी विचारेल. दासगावच्या खाडीत होडी चालवणाऱ्याला ते सांगावं लागत नाही. भरती-ओहोटी दर सहा तासांनी पाण्याची दिशा फिरवते. पोहणारा सरळ जायला बघतो, पाणी त्याला कडेला ओढून नेतं. त्यामुळं प्रत्यक्षात अंतर कितीतरी वाढतं. त्यात पाणी थंडगार, जहाजांची वर्दळ आणि बोटीला हात लावला की प्रयत्न बाद.

२७ ऑगस्ट १९५९ च्या शर्यतीत आरती उतरली. तिच्यासोबतची बोटच उशिरा आली, त्यामुळं सुरुवात ४० मिनिटं उशिरा झाली. तरी ती पोहत राहिली आणि इंग्लंडचा किनारा ५ मैलांवर आला. नेमकं तेव्हाच पाणी उलटं फिरलं. पुढच्या काही तासांत तिला कसेबसे दोनच मैल कापता आले. शेवटी बोटवाल्याच्या आग्रहापुढं तिला थांबावं लागलं. उशीर दुसऱ्याचा, भरपाई तिला करावी लागली.

वर्गणीच्या पैशावर गेलेली पोर, हात हलवत परत यायचं कसं? ती परत आली नाही, तिथंच राहून पुन्हा सराव केला. २४ सप्टेंबरला १९ वर्षांची झाली आणि पाच दिवसांनी, २९ सप्टेंबरला, फ्रान्सच्या केप ग्री ने इथून पुन्हा पाण्यात उतरली. १६ तास २० मिनिटं ती पोहली. अंतर भरलं ४२ मैल, म्हणजे ६७ किलोमीटरच्या आसपास. इंग्लंडच्या सँडगेट किनाऱ्यावर पाय टेकवून तिनं तिरंगा फडकवला.

१९६० मध्ये आरतीताईंना पद्मश्री मिळाली. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला खेळाडू. वर्गणीसाठी धावपळ करणाऱ्या डॉ. अरुण गुप्ता यांच्याशीच त्यांचं लग्न झालं, पुढं रेल्वेत नोकरी, एक मुलगी, संसार. २३ ऑगस्ट १९९४ ला कोलकात्यात कावीळ आणि मेंदूज्वरानं त्या गेल्या, वय अवघं ५३. १९९९ ला टपाल खात्यानं त्यांच्या नावानं ३ रुपयांचं तिकीट काढलं.

हे सगळं आपल्या पोर्टलवर लिहायचं कारण आहे. महाड-पोलादपूर हा पाण्याचा मुलूख. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीचा पूल कोसळून दोन एसटी बस वाहून गेल्या, २०२१ च्या जुलैत महाड बुडालं, हे कुणी विसरलेलं नाही. असल्या पुरात पट्टीच्या पोहणाऱ्याचंही काही चालत नाही. पण एरवी कपडे धुताना, म्हशी पाण्यावर नेताना, साकवावरून जाताना पाय घसरतो, तेव्हा चार हात मारता आले तर जीव वाचतो. नदीवर धुण्याला जातात बायका-मुली, आणि पोहायला शिकवतो आपण मुलांना.

दुसऱ्याला कशाला नाव ठेवू? मी स्वतः माझ्या मुलाच्या कमरेला डबा बांधून त्याला डोहात शिकवलं. मुलगी काठावर बसून कपडे सांभाळायची. ती एकदा मलाही शिकव म्हणाली, तेव्हा लोक काय म्हणतील या विचारानं मी विषय टाळला. आज हे लिहिताना ते आठवलं. दिवाळीपर्यंत पाणी निवळेल, ओढ कमी होईल. यंदा डबा तिच्या कमरेला बांधायचा ठरवलाय. ज्यांच्या घरी मुली आहेत, त्यांनीही विचार करावा. मात्र शिकवताना पोहता येणारं जाणतं माणूस पाण्यात सोबत हवंच.