जमशेटजी टाटा आणि पोलादाची भट्टी

घिवलीच्या किनाऱ्यावर ओढून ठेविलेल्या होडीचा नांगर, आमच्या वारली बंधूंच्या कमरेचा कोयता आणि बोईसरच्या स्थानकातून जाणारे आगगाडीचे रूळ ही एकाच धातूची निरनिराळी रूपे होत. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पोलादाचे कारखाने असून त्या बाजूच्या पुष्कळ कुटुंबांचा चरितार्थ त्यांवर चालतो. हे पोलाद आपल्या देशात मोठ्या प्रमाणावर तयार व्हावे म्हणून ज्या गृहस्थांनी आपल्या आयुष्याचा उत्तरभाग वेचिला, त्या जमशेटजी नसरवानजी टाटा यांचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवितो.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी याच किनाऱ्याच्या उत्तरेस नवसारी येथे, पारशी धर्मगुरूंच्या घराण्यात झाला. वयाच्या सुमारे चौदाव्या वर्षी ते मुंबईस वडिलांकडे आले. त्या वेळी या किनाऱ्यावर आगगाडी नव्हती. पुढे ती झाली तेव्हा तिचे रूळही विलायतेहूनच आले. एल्फिन्स्टन कॉलेजातील विद्याभ्यास १८५८ मध्ये संपवून ते वडिलांच्या व्यापारात शिरले व हाँगकाँगला गेले. त्या पेढीच्या चीनकडील व्यापारात कापसाबरोबर अफूही असे. ही गोष्ट आम्ही झाकून ठेवीत नाही. थोर पुरुषाचे चरित्र सांगावयाचे तर ते पवित्र शास्त्रातल्या रीतीने, दोषांसह सांगावे, असे आम्हांस वाटते.

१ जानेवारी १८७७ रोजी नागपूर येथे त्यांची एम्प्रेस मिल सुरू झाली. तेथील कामगारांकरिता १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी आणि १८९५ मध्ये अपघातग्रस्तांस भरपाई देण्याची सोय करण्यात आली. त्या काळी कायद्याने असे काही करणे भाग नव्हते.

१८८२ मध्ये चांदा जिल्ह्यातील लोखंडाविषयी एका जर्मन भूगर्भशास्त्रज्ञाने लिहिलेला अहवाल त्यांच्या हाती आला. लोहारा येथे उत्तम खनिज आहे आणि वरोऱ्यास दगडी कोळशाची खाण आहे, असे त्यांत होते. येथे वाचकांस थोडे थांबवून पोलाद कसे होते ते सांगणे जरूर आहे. चांद्याकडील लोहार मातीच्या लहान भट्टीत खनिज व लाकडी कोळसा घालून, भाता चालवून लोखंडाचा गोळा काढीत आणि तो ठोकून घडवीत. हा धंदा उत्पत्तीच्या पुस्तकातल्या तुबल-काइनाइतका जुना. परंतु एवढ्याशा लोखंडावर आगगाडी धावत नाही. मोठ्या झोतभट्टीत खनिज, कोक व चुनखडी एकत्र जाळिली म्हणजे लोखंड वितळून वाहते खरे, पण त्यांत कर्बाचा अंश शेकडा चारपर्यंत राहतो. असे बीड घणाखाली फुटते. हा कर्ब शेकडा एकाच्या आत आणिला म्हणजे पोलाद झाले. १८५६ मध्ये इंग्लंडात बेसेमर याने वितळलेल्या लोखंडातून हवेचा झोत सोडून थोड्याच मिनिटांत हे साधिले. पुढे सीमेन्स व मार्टिन यांच्या उघड्या चुलीच्या भट्टीत काम सावकाश, पण तपासून करिता येऊ लागले. लोखंडातील स्फुरद मात्र जाईना. तो काढण्याची युक्ती १८७८ च्या सुमारास लंडनच्या पोलीस कोर्टातील थॉमस नावाच्या एका तरुण कारकुनाने शोधिली. आणि त्या भट्टीची मळी दळून शेतास खत म्हणून घालू लागले, हे आमच्या शेतकरी वाचकांस ऐकून नवल वाटेल.

या सर्वांस कोक पाहिजे, आणि सगळ्याच दगडी कोळशाचा कोक होत नाही. जमशेटजींनी वरोऱ्याच्या कोळशाची जर्मनीत परीक्षा करविली, तो तो निरुपयोगी ठरला. शिवाय खाणींविषयीचे सरकारी नियम इतके जाचक होते की कोणी पैसा घालण्यास धजेना. त्यांनी बेत बाजूस ठेविला, परंतु सोडिला नाही. १८९९ मध्ये नियम सैल झाले तेव्हा त्यांचे वय साठ होते. १९०२ मध्ये, प्रकृती खालावलेली असताही, ते अमेरिकेस गेले, तेथील कारखाने पाहिले आणि चार्लस पेज पेरिन या अभियंत्यास हिंदुस्थानचे काम पत्करावयास लाविले.

पेरिनचे सहकारी वेल्ड हे पुढे येऊन पोहोचले. जमशेटजींचे पुत्र दोराबजी व वेल्ड यांनी चांद्याचे रान धुंडिले. १९ मे १९०४ रोजी जर्मनीत नाउहाइम येथे जमशेटजींचा अंत झाला. आपल्या बेतातल्या कारखान्याच्या पोलादाचा एक तुकडाही त्यांनी पाहिला नाही. दाविदाने मंदिराकरिता पुष्कळ लोखंड साठविले, आणि बांधणे शलमोनाच्या वाट्यास आले, याची येथे आठवण होते.

चांद्याचा बेत अखेर फसला. नागपुरास एका भूगर्भाच्या नकाशावरून दोराबजींस दुर्गकडील राजहरा डोंगरांचा पत्ता लागला, पण तेथेही जवळ योग्य कोळसा नव्हता. मग प्रमथनाथ बोस यांनी कळविल्यावरून मयूरभंज संस्थानातील गोरुमहिसानीचा डोंगर पाहण्यात आला, आणि जागा ठरली ती सुवर्णरेखा व खरकाई या नद्यांजवळील साकची गावाची. १९०७ मध्ये कंपनी स्थापन झाली. लंडनच्या सावकारांनी हात आखडता घेतला होता. तेव्हा मुंबईत भाग विक्रीस काढिले, आणि सुमारे आठ हजार हिंदी लोकांनी तीन आठवड्यांत दोन कोटींहून अधिक रुपये भरले. २ डिसेंबर १९११ रोजी पहिले लोखंड वाहिले आणि १६ फेब्रुवारी १९१२ रोजी पोलादाची पहिली लगड निघाली. त्याच वर्षी तेथे आठ तासांचा दिवस ठरला. १९१९ मध्ये साकचीस जमशेदपूर हे नाव मिळाले.

या नगराविषयी जमशेटजींनी आपल्या पुत्रास आधीच लिहून ठेविले होते. रस्ते रुंद असावेत, लवकर वाढणारी सावलीची झाडे लावावीत, खेळास मैदाने सोडावीत, आणि हिंदूंची देवळे, मुसलमानांच्या मशिदी व ख्रिस्ती लोकांची मंदिरे यांकरिता जागा राखावी, अशी त्यांची इच्छा होती. स्वतः पारशी असून त्यांनी आपल्या मंडळ्यांची आठवण ठेविली, याबद्दल आम्ही कृतज्ञ आहो. परंतु साकचीच्या भोवताली संथाळ व हो लोकांची शेते होती, त्यांवर हे नगर उठले. आणि भट्ट्यांच्या पायाची माती वाहिली तीही पुष्कळशी त्यांच्याच स्त्रीपुरुषांनी. त्यांकरिता कोणती जागा राखावी, हे त्या पत्राच्या सूचनांत आम्हांस दिसत नाही.

राजहऱ्याचे खनिज १९५९ पासून भिलाईच्या भट्ट्यांत वितळू लागले. जुन्या चांदा जिल्ह्याचा पूर्वभाग १९८२ मध्ये गडचिरोली म्हणून निराळा झाला. तेथे सुरजागडच्या डोंगरावर आता खनिज काढिले जात आहे, आणि तेथील माडिया लोक आपल्या रानाविषयी व डोंगराविषयी तोच प्रश्न विचारीत आहेत.