साखळ्या कोणी काढल्या?

पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयासाठी तोनी रोबेर-फ्लरी या चित्रकाराने १८७६ साली एक भव्य तैलचित्र रंगविले. अंगणात वेड्या ठरविल्या गेलेल्या स्त्रिया आहेत, मधोमध गंभीर मुद्रेचा डॉक्टर उभा आहे आणि त्याच्यासमोर एका तरुणीची बंधने सोडविली जात आहेत. हा डॉक्टर म्हणजे आधुनिक मनोविकारशास्त्राचा एक जनक मानला गेलेला फिलिप पिनेल. पाहणाऱ्याची दृष्टी त्याच्यावरच खिळते. प्रत्यक्ष कुलूप काढणारा हात कोणाचा, याची चौकशी कोणी करीत नाही. पिनेलचे चरित्र समजून घ्यायचे तर ही चौकशी टाळता येत नाही.

पिनेलचा जन्म १७४५ साली दक्षिण फ्रान्समध्ये झाला. १७७३ मध्ये तुलूझची वैद्यकीय पदवी मिळाली. परंतु १७७८ मध्ये तो पॅरिसला आला तेव्हा तेथील धुरीणांच्या लेखी त्या प्रांतिक पदवीला किंमत नव्हती. परिणामी सुमारे पंधरा वर्षे त्याला भाषांतरे, शिकवण्या आणि एका वैद्यकविषयक पत्राचे संपादन यांवर गुजराण करावी लागली. याच काळात त्याच्या एका तरुण मित्राला वेड लागले व त्यातच त्याचा करुण अंत झाला. पिनेल या विषयाकडे वळला तो या आघाताने. पुढे बेलॉम नावाच्या सुतारकाम करणाऱ्या गृहस्थाने चालविलेल्या खाजगी वेडाश्रमात त्याने काही वर्षे काम केले. तेथे श्रीमंतांची कुटुंबे खर्च भरीत, आणि रुग्ण बरा झाला की उत्पन्न बुडे. अशा व्यवस्थेत मालकाला उपचारांची उत्कंठा नसावी, यात नवल नाही.

१७९३ साली, क्रांतीच्या ऐन धुमाळीत, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्याची बिसेत्र येथे नेमणूक झाली. बिसेत्र हे रुग्णालय, अनाथालय आणि तुरुंग यांचे विलक्षण मिश्रण होते. काही हजार पुरुषांच्या त्या वस्तीत सुमारे दोनशे मनोरुग्ण होते आणि त्यांच्या विभागावर देखरेख होती झाँ-बाप्तिस्त प्युसाँ याची.

प्युसाँचा जन्मही १७४५ चाच. कातडी कमावणे हा त्याचा धंदा. १७७१ साली गंडमाळेचा रुग्ण म्हणून तो बिसेत्रमध्ये दाखल झाला, बरा झाला आणि तेथेच नोकरीस राहिला. पुढे मनोरुग्णांचा विभाग त्याच्याकडे आला. पत्नी मार्गरीत हिच्यासह तो रुग्णांच्या सान्निध्यातच राहत असे. त्याचे नियम थोडे, पण कडक होते. रुग्णावर हात उगारायचा नाही. तो अंगावर धावून आला तर इजा न करता आवरायचे. हे न पाळणाऱ्या सेवकाला काढून टाकायचे. सेवकांनी कुरकुर केली, तरी प्युसाँ बधला नाही. नवे सेवक तो शक्यतो बऱ्या झालेल्या वा बऱ्या होत आलेल्या रुग्णांमधूनच निवडी. ज्याने ते दुःख भोगले आहे तो दुसऱ्याशी निर्दयपणे वागणार नाही, आणि कामामुळे त्याचे स्वतःचेही मन स्थिर होईल, असा हा दुहेरी हिशेब होता. पूर्वीच्या रुग्णांना शुश्रूषेत सहभागी करून घेण्याची जी पद्धत आज नवी म्हणून मांडली जाते, ती बिसेत्रमध्ये दोनशे वर्षांपूर्वी चालू होती.

पिनेलचे मोठेपण असे, की पदवीचा तोरा बाजूला ठेवून तो या माणसापाशी शिकला. चोवीस तास रुग्णाजवळ असणाऱ्याला जे दिसते ते फेरीवर येणाऱ्या डॉक्टरला दिसत नाही, हे त्याने ओळखले. तो रुग्णांशी दीर्घ संभाषणे करी, टिपणे ठेवी. राजाच्या वधाविषयी काही बोलून गेल्यामुळे आपला शिरच्छेद होणार, या भीतीने ग्रासलेला एक शिंपी तेथे होता. त्याला इतर रुग्णांचे कपडे दुरुस्त करण्याचे काम आणि त्याचा मोबदला मिळू लागताच तो सुधारला. भीती पुन्हा बळावली तेव्हा पिनेलने तरुण डॉक्टरांना न्यायाधीश बनवून त्याची ‘निर्दोष’ सुटका घडवून आणली. शिंपी पुन्हा सावरला. पण तो खटला लुटुपुटीचा होता, असे कोणीतरी त्याला सांगून टाकले आणि मग तो कधीच बरा झाला नाही. असत्यावर उभारलेला विश्वास किती तकलादू असतो, याची ही नोंद पिनेलने लपविली नाही, हे त्याचे श्रेय. त्याच्या पद्धतीत धाकालाही स्थान होते आणि साखळीच्या जागी आलेला हात जखडणारा अंगरखा हेही एक बंधनच होते.

टंचाईच्या वर्षांत रुग्णांच्या पावात कपात झाली. त्याबरोबर मृत्यू वाढले, हेही पिनेलने नमूद केले आहे. दयाबुद्धी कितीही असो, कोठारात धान्य नसेल तर ती फारशी उपयोगी पडत नाही.

१७९५ मध्ये पिनेल स्त्रियांच्या साल्पेत्रिएरमध्ये गेला. बिसेत्रमधील साखळ्या तेव्हा तशाच होत्या. त्या निघाल्या १७९७ मध्ये, आणि काढल्या प्युसाँने. (भारतात तमिळनाडूतील एरवाडी येथे २००१ साली लागलेल्या आगीत साखळदंडांनी बांधलेले मनोरुग्ण होरपळून मेले. मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास कायद्याने निःसंदिग्ध बंदी झाली ती २०१७ मध्ये.) इकडे साल्पेत्रिएरमध्ये प्युसाँवाचून पिनेलचे काम अडले होते. तो त्याची सातत्याने मागणी करीत राहिला. अखेर १८०२ मध्ये प्युसाँ तेथे आला आणि मग तेथील साखळ्याही निघाल्या. त्यानंतरच्या पावणेचार वर्षांत दाखल झालेल्या १००२ स्त्रियांचा हिशेब पिनेलने विद्वानांपुढे मांडला. त्यातील जवळपास निम्म्या बऱ्या झाल्या होत्या.

प्युसाँ १८११ मध्ये वारला. १८२२ मध्ये सरकारने पॅरिसची वैद्यकशाळाच बंद केली, त्यात पिनेलचे अध्यापकपद गेले. १८२६ मध्ये त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर त्याचा मुलगा सिपियाँ याने बिसेत्रच्या साखळ्या वडिलांनीच तोडल्याची कथा प्रसृत केली. चित्रकारांना ती मानवली. १८८५ मध्ये साल्पेत्रिएरसमोर पिनेलचा पुतळाही उभा राहिला. स्वतः पिनेलने मात्र १८०९ च्या आपल्या ग्रंथात स्पष्ट लिहून ठेवले होते, की बिसेत्र सोडीपर्यंत ती रानटी चाल बंद झालेली आपल्याला पाहता आली नाही, ते काम नंतर प्युसाँने पार पाडले. ग्रंथ छापलेला होता आणि कोणालाही वाचता येण्यासारखा होता.