गांधीजींचे पोट आणि ससूनची ती रात्र

माझ्याकडे पोटदुखीचा रोगी येतो, तो घरचे सगळे उपाय करूनच. ओवा झाला, हिंग झाला, गरम पाण्याचा शेक झाला. कुणी तर एरंडेलही घेऊन येतो. यवतमाळात प्रॅक्टिस करताना अशा रोग्यांना मी रागावत नाही. त्यांना गांधीजींची गोष्ट सांगतो. वर्धा नदीपलीकडचे सेवाग्राम आमच्याकडे साऱ्यांनाच माहीत. तिथे १९३६ पासून राहिलेल्या या माणसाच्या पोटाची कथा मात्र फारशी माहीत नसते.

गांधीजींचा जन्म १८६९ चा, पोरबंदरचा. बॅरिस्टर होऊन ते दक्षिण आफ्रिकेत गेले आणि तिथे त्यांना बद्धकोष्ठाने गाठले. सारक औषधे घेऊन ते कंटाळले. मग सकाळचा नाश्ता सोडला, पोटावर ओल्या मातीची पट्टी बांधू लागले. त्याने बरे वाटले आणि औषधावरचा त्यांचा विश्वास उडाला तो उडालाच.

१९१८ साली खेडा जिल्ह्यात नडियादला त्यांना आव झाली. सणाच्या दिवशी कस्तुरबांनी केलेले गोड खाण्याचा मोह आवरला नव्हता. दिवसभरात तीस-चाळीस वेळा जावे लागे, तरी औषधाला नकार! शरीर पार खंगले. डॉ. दलाल दूध घ्या म्हणत होते. पण गाई-म्हशीचे दूध न घेण्याचे व्रत आड येत होते. अखेर कस्तुरबांनी शेळीचे दूध सुचवले. त्यांनी ते घेतले, आणि व्रताचे शब्द पाळून त्याचा आत्मा मोडल्याची खंत आयुष्यभर बाळगली.

खरी परीक्षा पुढेच होती. १९२२ मध्ये त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. येरवड्याच्या तुरुंगात जानेवारी १९२४ मध्ये त्यांचे पोट दुखू लागले. निदान झाले अपेंडिक्सचे.

आपले लहान आतडे साधारण सहा मीटर लांब असते. ते उजव्या कुशीत खालच्या बाजूला मोठ्या आतड्याला मिळते. तिथेच मोठ्या आतड्याला करंगळीएवढी एक बंद नळी लोंबत असते, तेच अपेंडिक्स. तिचे तोंड कडक मळाने किंवा सुजेने बंद झाले, की आत जंतू वाढतात आणि पू होतो. दुखणे बहुधा बेंबीभोवती सुरू होते आणि काही तासांत उजवीकडे खाली सरकते. मळमळ, ताप येतो. नळी फुटली, तर पू साऱ्या पोटात पसरतो. अशा वेळी जुलाबाचे औषध देणे घातकच. आज प्रतिजैविके आहेत; पेनिसिलिनचा शोध लागला १९२८ साली. त्या वेळी खरा आधार शस्त्रक्रियेचाच होता.

१२ जानेवारीला त्यांना पुण्याच्या ससून रुग्णालयात हलवले. आपल्या ओळखीचे डॉक्टर यावेत अशी त्यांची इच्छा होती. पण तेवढा वेळ नव्हता. सरकारच्या कैद्याच्या पोटावर सरकारचाच इंग्रज सर्जन, कर्नल मॅडॉक, सुरी चालवणार होता. कैदी दगावला असता, तर देश पेटला असता. श्रीनिवास शास्त्रींच्या साक्षीने गांधीजींनी डॉक्टरांवर विश्वास असल्याच्या निवेदनावर थरथरत्या हाताने सही केली. बाहेर वादळी पाऊस होता. शस्त्रक्रिया चालू असतानाच वीज गेली, बॅटरीही दगा देऊन गेली आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे झाले. ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांची सुटका केली.

पुढेही पोटाने त्यांची पाठ सोडली नाही. १९४४ मध्ये सुटकेनंतरच्या तपासणीत त्यांच्या आतड्यांत हुकवर्म आणि अमिबा आढळले. हुकवर्मच्या अळ्या बहुधा अनवाणी पायांच्या कातडीतून शिरतात. आमच्या शेतकऱ्यांना मी चप्पल घाला म्हणतो, ते यासाठीच. १९४८ मध्ये गांधीजी गेले, ते मात्र गोळ्यांनी, पोटाने नव्हे.

मातीच्या पट्टीने बद्धकोष्ठाला उतार पडला, म्हणून अपेंडिक्सवरही तीच बांधायची नसते. गांधीजींनी आपली मते सोडली नाहीत. पण त्या रात्री ती बाजूला ठेवून ते टेबलावर झोपले. एवढ्या हट्टी माणसाला जे जमले, ते आपल्याला का जमू नये? उजवीकडे खाली दुखते आहे, हात लावू देत नाही, ताप आहे. तर हिंगाची डबी ठेवा आणि दवाखाना गाठा. रात्र असली तरी. पाऊस असला तरी.