फैजपूरची धूळ आणि पंढरीचे दार

सातपुड्याच्या पायथ्याशी, केळीच्या बागांत वसलेल्या आमच्या फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. माझे आजोबा बैलगाडी जुंपून तेथे गेले होते. नेहरू कसे दिसत, गांधीजी काय बोलले, असे मी लहानपणी त्यांना विचारी. आजोबा ते दोन वाक्यांत उरकत आणि मग झाडू हाती घेऊन मैला वाहणाऱ्या, एम. ए. झालेल्या एका मास्तरांची गोष्ट सांगत. ते मास्तर म्हणजे साने गुरुजी.

आजोबा वारकरी. माणसाच्या जगण्याला अर्थ देतो तो पांडुरंगच, याविषयी त्यांना शंका नव्हती. मी कॉलेजात गेलो, चार पुस्तके वाचली आणि अर्थ वरून येत नसतो, तो ज्याचा त्यानेच घडवायचा असतो, असे त्यांना सुनावू लागलो. वाद मिटत नसे. गंमत अशी, की साक्षीदार म्हणून दोघांनाही गुरुजीच हवे असत.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, कोकणातल्या पालगडचा. तत्त्वज्ञान हा त्यांचा अभ्यासाचा विषय. ईश्वर, आत्मा, जगाचे प्रयोजन यांवर चिंतन करण्यासाठीच प्रताप शेठजींनी १९१६ साली अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर उभारले होते. गुरुजी तेथे आले खरे, पण रमले नाहीत. १९२४ साली ते गावातल्या शाळेत शिक्षक झाले. छात्रालयातल्या मुलांची खोली झाडावी, कपड्यांच्या घड्या घालाव्यात, आजारी मुलाच्या उशाशी रात्र काढावी, यात त्यांचे मन लागले. ग्रंथांत न सापडलेले काहीतरी त्यांना तेथे सापडले असावे.

१९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि गुरुजी ते भराभर टिपून घेत. ‘गीता प्रवचने’ आपल्यापर्यंत पोचली ती त्या टिपणामुळे. तुरुंगात भक्तीही होती आणि चक्कीही होती. गुरुजींनी दोन्ही मनापासून केले.

फैजपूरच्या अधिवेशनासाठी त्यांनी खानदेश पालथा घातला. त्या शेतांतल्या मंडपांत कोण कोण आले होते पाहा. रामनाम घेणारे गांधीजी होते, देवाधर्माच्या बाबतीत साशंक असलेले अध्यक्ष नेहरू होते आणि महिनाभरापूर्वीच तुरुंगातून सुटलेले, ईश्वर साफ नाकारणारे मानवेंद्रनाथ रॉयही होते. आमच्या घरातला वाद तेथेही मांडता आला असता. गुरुजींनी मात्र त्या गर्दीत सफाईचे काम पत्करले होते.

पण देवाचा प्रश्न त्यांना टाळता आला नाही. पंढरपूरच्या विठ्ठलाचे दार हरिजनांना बंद होते. गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण आरंभले. गांधीजींचीही सुरुवातीला त्याला संमती नव्हती. दहा दिवसांनी मंदिर खुले करण्याचा निर्णय झाला आणि उपोषण सुटले. येथे मी नेहमी अडतो. सारा अर्थ देवाकडूनच येत असेल, तर त्याच्या दारावरचे कुलूप काढायला माणसाने प्राण पणाला का लावावेत? आणि सारा अर्थ आपणच घडवणार असू, तर त्या दाराचे एवढे महत्त्व ते काय? गुरुजींना देवही हवा होता आणि देवापाशी सारी माणसेही हवी होती. एकाला वगळून दुसरा त्यांना नको होता.

ही श्रद्धा त्यांना सुखाची झाली नाही. गांधीजींच्या खुनानंतर त्यांनी एकवीस दिवस उपवास केला. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपवली. त्या मृत्यूला मी थोरवीचा मुलामा देणार नाही. जगाचे दुःख एकट्याच्या खांद्यावर घेणाऱ्याला कोणीतरी वेळीच हात द्यावा लागतो, एवढेच मला त्यातून कळते. अर्थ देवाचा असो वा आपला, तो एकट्याने पेलण्याजोगा नसतो.

शेवटच्या आजारपणात आजोबांनी मला जवळ बसवून घेतले. तरुणपणी कितीदा पंढरीच्या रांगेत उभा राहिलो. पुढे कोण, मागे कोण हे पाहिले. पण रांगेत कोण नाही, हे त्या मास्तरांनी दाखवेपर्यंत कधी दिसलेच नाही, असे ते सांगत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. त्या दिवशी मी वाद घातला नाही.