महर्षी कर्वे पायी साताऱ्याला गेले



९ नोव्हेंबर हा महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा स्मृतिदिन. म्हणून गुरुजींनी या अंकात त्यांचे चरित्र लिहायचे ठरवले. शिवाजी महाराज, सावित्रीबाई आणि बाबासाहेब हे बाकीच्या मुलांनी आधीच घेतले होते. मला कर्वे राहिले. आधी मी रुसलो, कारण मला त्यांची काहीच गोष्ट येत नव्हती. मग गुरुजींनी कपाटातून एक जुने पुस्तक दिले. त्याची मागची पाने सुटलेली आहेत पण सगळी आहेत. ते मी आणि ताईने मिळून वाचले.

कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यात खेड तालुक्यातील शेरवली या गावी झाला. ते त्यांचे आजोळ. त्यांचे स्वतःचे गाव मुरूड. ते दापोलीजवळ समुद्राच्या काठी आहे. मी समुद्र पाहिलेला नाही. माजलगावचे धरण पाहिले आहे, गुरुजी म्हणाले समुद्र त्याहून पुष्कळ मोठा. त्यांच्या वडिलांचे नाव केशवपंत. घरची परिस्थिती गरिबीची होती. पुढे सगळे लोक त्यांना अण्णा म्हणू लागले. आमच्या घरी आम्ही वडिलांनाच अण्णा म्हणतो, म्हणून आजीला मी अण्णांची गोष्ट सांगायला लागलो तेव्हा तिला वाटले कारखान्यावरून काही निरोपच आला. त्यामुळे मी इथे कर्वे असेच लिहिणार आहे.

कर्वे गावच्या मराठी शाळेत शिकले. त्या काळी मराठी सहावीची परीक्षा म्हणजे लई मोठी गोष्ट होती. आता सहावी म्हटले की कोणी विचारत पण नाही. पण तेव्हा ती सरकारी परीक्षा होती. ती पास झाली की माणसाला शाळामास्तराची नोकरी मिळायची. परीक्षा आपल्या शाळेत होत नसे. ती मोठ्या गावाला जाऊन द्यावी लागे. आत्तासारखे गाईड नव्हते, क्लास नव्हते, मोबाईल तर नव्हताच. पुस्तक वाचायचे, पाठ करायचे, अडले तर मास्तरांना विचारायचे.

१८७५ साल होते. कर्वे सतरा वर्षांचे होते. त्यांना परीक्षेसाठी साताऱ्याला जायचे होते. सातारा मुरूडपासून ११० मैल आहे. मैल म्हणजे दीड किलोमीटरपेक्षा थोडे जास्त. गुरुजींनी फळ्यावर गुणाकार करून दाखवला, तर ते १७६ किलोमीटरच्या वर आले. बीडपासून छत्रपती संभाजीनगर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे बीडहून चालत संभाजीनगरला पोहोचायचे आणि तिथे न थांबता आणखी पन्नास किलोमीटर चालायचे. ते सुद्धा सपाटीवरून नाही. मधे सह्याद्री आहे. कोकणातून घाट चढून वर यायचे म्हणजे आमच्या बालाघाटाच्या डोंगरासारखे नाही, फार उंच. आणि पाऊस धो धो पडत होता. कोकणातला पाऊस कसा असतो ते मला माहीत नाही, आमच्याकडे पाऊस आला तर आम्ही पळत बाहेर जातो.

कर्वे पायीच निघाले. रस्ता खराब, नदी-नाले भरलेले, आजूबाजूला रान. आमचे अण्णा आणि आई कारखान्याला जातात तेव्हा ट्रॅक्टरमध्ये बसून जातात, तरी आई म्हणते की अंग मोडून येते. मग चालत जाणाऱ्याचे काय झाले असेल. पण ते परीक्षेला वेळेवर पोहोचले.

पुढे जे झाले ते वाचून मी पुस्तक बंद केले होते. परीक्षा घेणाऱ्यांनी कर्वे यांना पाहिले. ते अंगाने बारीक होते. परीक्षेला ठरलेल्या वयापेक्षा तू लहान दिसतोस असे त्यांना सांगितले आणि परीक्षेला बसूच दिले नाही. एक प्रश्न पण विचारला नाही. त्यांना काय येते ते कोणी पाहिलेच नाही. ११० मैल चालत आलेला मुलगा तसाच माघारी फिरला. मला वाटते जाण्यापेक्षा येणेच जास्त लांब वाटले असेल. पुस्तकात येण्याचे फार लिहिलेले नाही.

आता मी थोडे आमच्या घरचे लिहितो. गुरुजींनी लिही म्हणून सांगितले.

माझी ताई सतरा वर्षांची आहे. तिने सातवीनंतर शाळा सोडली. आई-अण्णा दर साली दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते ती फेडावी लागते. तेव्हा मी आणि धाकटी लहान होतो. कोपीवर स्वयंपाक करायला, पाणी आणायला आणि आम्हाला सांभाळायला ताई लागायची. ती पाच-सहा महिने शाळेत नसायची, मग एकदा गेलीच नाही. तिसरीत असताना मी पण एक साल फडावर होतो. तिथे माझा भागाकार राहिला. तो मला ताईने कोपीच्या दारात बसून शिकवला, उसाची कांडकी मांडून. बाकी उरली की ती मी खायची, म्हणून मला बाकी उरणारीच गणिते आवडतात.

औंदा ताईने दहावीला बाहेरून बसायचे ठरवले. त्याला सतरा नंबरचा फॉर्म म्हणतात. शाळेत न जाता घरी अभ्यास करायचा आणि परीक्षा मात्र सगळ्यांबरोबर द्यायची. ताई फॉर्म भरायला गेली. पण तिच्या शाळेच्या दाखल्यावर एक जन्मतारीख आहे आणि आधार कार्डावर दुसरी. एका ठिकाणी तिला सांगितले की हे चालत नाही, आधी दुरुस्त करून आण. कसे दुरुस्त करायचे ते सांगितले नाही. ती फाट्यापासून उन्हात चालत घरी आली. पुस्तके पेटीत टाकली आणि वरून कुलूप लावले. आजीने विचारले तरी बोलली नाही. आजी म्हणाली, पोरीच्या जातीला एवढं शिकून काय करायचंय, राहू दे. तरी ताई गप बसली.

त्याच रात्री मी कर्वे यांचे साताऱ्याचे पान वाचत होतो. मी ते तिला मोठ्याने वाचून दाखवले. तिने विचारले की मग पुढे तो मुलगा पुन्हा परीक्षेला गेला का. मी म्हटले अजून वाचले नाही. ती म्हणाली, वाच की मग.

तर पुढे असे आहे. कर्वे घरी येऊन बसले नाहीत. पुढे त्यांनी ती परीक्षा दिली आणि ते पास झाले. खरे म्हणजे आता मास्तराची नोकरी करायला हरकत नव्हती. पण त्यांना इंग्रजी शिकायचे होते. ते मुंबईला गेले आणि रॉबर्ट मनी शाळेत शिकले. १८८१ साली मॅट्रिक पास झाले तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. त्यांचे लग्न पण झालेले होते. वर्गातली बाकीची मुले लहान असतील, त्यांच्यात मिशा असलेला एकटा बसलेला मला डोळ्यासमोर दिसतो. मिशांचे पुस्तकात नाही, ते माझे आहे. पैसे कमी पडत म्हणून ते दुसऱ्यांच्या मुलांच्या शिकवण्या घेत. १८८४ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित विषय घेऊन ते बी. ए. झाले. १८९१ पासून पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले आणि १९१४ पर्यंत शिकवत होते.

१८९१ सालीच त्यांची पत्नी राधाबाई वारल्या. तेव्हा बायको वारली तर पुरुष दुसरे लग्न करत, पण नवरा वारला तर बाईला करू देत नसत. केस कापत, चांगले लुगडे नाही, कोणाच्या लग्नाला जायचे नाही. कर्वे यांनी ठरवले की लग्न केले तर विधवेशीच करायचे. १८९३ साली त्यांनी गोदूबाईंशी लग्न केले. त्या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होत्या. लग्नानंतर त्यांचे नाव आनंदीबाई झाले. मुरूडच्या लोकांनी कर्वे यांच्यावर बहिष्कार टाकला. ज्या गावातून ते एवढे चालत परीक्षेला गेले, त्याच गावात त्यांना वाईट वागवले. आजी इथे म्हणाली की गाव असेच असते.

१८९६ साली त्यांनी विधवा बायकांसाठी आश्रम काढला. १९०० साली तो पुण्याबाहेर हिंगण्याला नेला. तिथे एका गृहस्थांनी सहा एकर जमीन दिली होती. पहिल्यांदा तिथे एक झोपडी होती. आम्ही तिला कोपी म्हटले असते. कॉलेजचे तास झाले की कर्वे चालत हिंगण्याला जायचे, चिखल असला तरी. चालण्याची सवय त्यांना होतीच.

आश्रमात पार्वतीबाई आठवले म्हणून एक बाई होत्या. त्या आनंदीबाईंच्या धाकट्या बहीण. त्या पण विधवा होत्या आणि मोठेपणी शिकायला लागल्या. त्यांना इंग्रजी येईना. तर त्या १९१८ साली, पन्नाशी जवळ आली असताना, इंग्रजी शिकायला अमेरिकेला गेल्या. जवळ पैसे नव्हते, म्हणून तिथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या. ताईला कर्वे यांच्यापेक्षा याच आवडल्या. हे पान तिने दोनदा वाचून घेतले. तिचे पण इंग्रजीच राहते. ती शब्द पाठ करते पण वाक्य आले की अडते.

१९१६ साली कर्वे यांनी बायकांसाठी विद्यापीठ काढले. त्यात मातृभाषेतून शिकवायचे असे ठरवले. पुढे १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपये दिले आणि त्यांच्या आईचे नाव विद्यापीठाला दिले. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी हे ते नाव. एका आईच्या नावाचे विद्यापीठ आहे हे मी आईला फोनवर सांगितले, तर ती हसली आणि जेवलास का विचारले.

म्हातारपणी कर्वे परदेशात फिरले. तिथे त्यांनी आपल्या कामाची माहिती लोकांना सांगितली. १९३६ साली, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे असताना, त्यांनी ज्या खेड्यांत शाळाच नाही तिथे प्राथमिक शाळा काढायला मंडळ काढले आणि त्यासाठी स्वतः फिरून पैसे जमवले. एवढे मोठे कॉलेजचे प्रोफेसर, पण पहिली ते चौथीच्या शाळेसाठी वर्गणी मागत हिंडले. गुरुजी म्हणाले की हे तू मोठ्या अक्षरात लिही. मी लिहिले होते पण जागा पुरेना, म्हणून पुन्हा लहान केले.

१९५८ साली कर्वे शंभर वर्षांचे झाले. त्या साली त्यांना भारतरत्न मिळाले आणि त्यांचे पोस्टाचे तिकीट निघाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. तेव्हा ते एकशे चार वर्षांचे होते. आपल्या शाळेच्या पाटीवर जिल्हा परिषद असे लिहिले आहे ना, त्या जिल्हा परिषदा सुद्धा १९६२ सालीच १ मे रोजी सुरू झाल्या.

ताईचे सांगायचे राहिले. पेटीचे कुलूप तिनेच काढले. ती पुन्हा गेली, या वेळी आजीला घेऊन गेली. आजीने तिथे ताई जन्मली त्या दिवसाची सगळी हकीकत सांगितली, पोळा होता आणि बैल मिरवत होते तेव्हापासून. लोक हसले, पण कोणता कागद कुठून आणायचा ते एकाने चिठ्ठीवर लिहून दिले. कागदाला तीन चकरा झाल्या. फॉर्म दिवाळीच्या आधी भरला गेला. या साली आई-अण्णा दोघेच कारखान्याला गेले आहेत. ताई, मी आणि धाकटी आजीजवळ आहोत.

आता ताई सकाळी दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचायला जाते आणि रात्री अभ्यास करते. विज्ञान आणि इतिहास तिचे तिलाच कळते. भूमितीला ती गुरुजींकडे येते, शाळा सुटल्यावर, म्हणून तुम्ही तिला वर्गाच्या पायरीवर बसलेली पाहिले असेल. तेव्हा कोणी हसू नये. इंग्रजीचे शब्द मी तिचे पुस्तक धरून विचारतो. मला त्यांचा अर्थ येत नाही, पण स्पेलिंग चुकले की मला दिसते.

— इयत्ता ४ थी