पाणबुडीचे जनक जॉन फिलिप हॉलंड : एका व्रतस्थ शिक्षकाची जीवनकथा



शालेय विज्ञान प्रदर्शनात एक प्रतिकृती हमखास पाहावयास मिळते. प्लॅस्टिकच्या बाटलीला भोके पाडून, तिला खाली थोडे वजन बांधून आणि वर सलाईनची नळी जोडून ती पाण्याच्या टबात सोडलेली असते. नळीतून हवा फुंकली की बाटली वर येते, हवा सोडली की तळाला जाते. सातारा-सांगलीच्या मुलांनी समुद्र पाहिलेला असो वा नसो, ही पाणबुडी त्यांना सहज बनविता येते. पाश्चात्त्य देशांत हा छंद प्रौढ माणसेही मोठ्या गांभीर्याने जोपासतात. व्हिक्टोरिया राणीच्या काळातील चिलखती युद्धनौका आणि आरंभीच्या पाणबुड्या यांच्या बोटभर लांबीच्या प्रतिकृती तयार करून ते टेबलावर लुटुपुटीचे सागरी युद्ध खेळतात. फ्रेड जेन या इंग्रज लेखकाने १८९८ साली असा एक खेळ नियमांसह प्रसिद्ध केला होता.

अशा खेळात मांडल्या जाणाऱ्या चिमुकल्या आरमारातील एका चिरुटाच्या आकाराच्या पाणबुडीची कथा आपल्या श्रद्धावंत वाचकांना ठाऊक असावी असे वाटते. तिचे निर्माते जॉन फिलिप हॉलंड हे पंधरा वर्षे कॅथलिक व्रतस्थ म्हणून जगले होते.

हॉलंड यांचा जन्म १८४१ साली आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील लिस्कॅनर या खेड्यात झाला. वडील ब्रिटिश तटरक्षक दलात घोड्यावरून किनाऱ्याची गस्त घालीत. आई आयरिश भाषाच बोलणारी होती. जॉन इंग्रजी शिकला तो शाळेत गेल्यावर. तो चार-पाच वर्षांचा असताना बटाट्याच्या पिकावर रोग पडून आयर्लंडमध्ये महादुष्काळ आला. सुमारे दहा लाख माणसे भुकेने व साथीच्या रोगांनी मेली आणि तितकीच देश सोडून गेली. हॉलंड कुटुंबालाही मृत्यूची झळ लागली. त्याच काळात आयर्लंडच्या बंदरांतून धान्य इंग्लंडकडे रवाना होत होते. या मुलाच्या मनात इंग्रजी सत्तेविषयी जी अढी बसली तिचे मूळ येथे शोधावे लागते.

जॉनला खलाशी व्हावयाचे होते, परंतु दृष्टी अधू असल्यामुळे ते शक्य झाले नाही. १८५३ साली कुटुंब लिमरिक शहरात आले आणि १८५८ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, त्याने आयरिश ख्रिश्चन ब्रदर्स या व्रतस्थ संघात प्रवेश केला. गरीब मुलांच्या शिक्षणासाठी एडमंड राइस यांनी हा संघ १८०२ साली वॉटरफर्ड येथे सुरू केला होता. परमगुरुस्वामी दुसरे जॉन पॉल यांनी १९९६ साली राइस यांना धन्य घोषित केले. हे बंधू धर्मगुरू नसतात. व्रते घेऊन समूहजीवन जगणे आणि वर्गात शिकविणे हेच त्यांचे पाचारण असते.

कॉर्क शहरातील नॉर्थ मॉनॅस्टरी या संघाच्या शाळेत ब्रदर डॉमिनिक बर्क नावाचे एक विज्ञानशिक्षक होते. तरुण हॉलंड यांची यंत्रांची आवड त्यांनी ओळखली आणि तिला उत्तेजन दिले. त्याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्धाची एक बातमी वर्तमानपत्रांत झळकली. ९ मार्च १८६२ रोजी हॅम्प्टन रोड्स येथे ‘मॉनिटर’ आणि ‘व्हर्जिनिया’ या दोन चिलखती युद्धनौका चार तास एकमेकींवर तोफा डागीत राहिल्या आणि कोणीच कोणाला बुडवू शकले नाही. आदल्याच दिवशी ‘व्हर्जिनिया’ने दोन लाकडी युद्धनौकांचा फडशा पाडला होता. लाकडी आरमाराचे दिवस संपले हे जगाला कळून चुकले. (आपल्या मुंबई बंदराच्या रक्षणासाठीही ‘मॅग्डाला’ आणि ‘ॲबिसिनिया’ या दोन चिलखती युद्धनौका बांधण्यात आल्या आणि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत त्या येथेच होत्या.)

कॉर्कच्या या शिक्षकाने त्या बातमीतून वेगळाच निष्कर्ष काढला. इंग्लंड आता लोखंडी चिलखताचे आरमार बांधणार. त्याच्याशी पाण्यावर टक्कर देणे दुबळ्या राष्ट्राला कधीच जमणार नाही. मात्र चिलखत पाण्याच्या रेषेच्या आसपासच असते, खाली नौकेचा तळ उघडाच असतो. तेव्हा वार पाण्याखालूनच केला पाहिजे. पुढे ड्रोहेडा, डंडॉक आदी ठिकाणी अध्यापन करीत असताना त्यांनी चावीवर चालणारी पाणबुडीची लहानशी प्रतिकृती करून ती पाण्यात चालवून पाहिली. बागेत चालणारे, पाण्यात पोहणारे आणि बुडी मारून पुन्हा वर येणारे एक यांत्रिक बदकही त्यांनी बनविले होते असे सांगितले जाते. मठाच्या आवारात ते बदक पाहून मुलांना किती आनंद झाला असेल याची कल्पना करता येते.

प्रकृती सतत बिघडत गेल्यामुळे १८७३ साली, आजीवन व्रते घेण्यापूर्वीच, ते संघातून बाहेर पडले. हा निरोप कटुतेचा नव्हता. त्याच वर्षी ते अमेरिकेस गेले. बोस्टन येथे बर्फावरून पाय घसरून त्यांचा पाय मोडला आणि अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी जुने आराखडे पुन्हा काढून सुधारले. पाय बरा झाल्यावर न्यू जर्सीतील पॅटरसन शहरी सेंट जॉन्स धर्मग्रामाच्या शाळेत ते शिक्षक झाले. १८७५ साली त्यांनी आपला आराखडा अमेरिकी नौदलाकडे पाठविला. असल्या बोटीत बसून पाण्याखाली जाण्यास कोणीही माणूस तयार होणार नाही असा शेरा मारून तो परत पाठविण्यात आला.

यानंतरचा भाग कॅथलिक वाचकाने डोळसपणे वाचावा असा आहे. नौदलाने नाकारलेल्या या शिक्षकाला पैसा मिळाला तो फेनियन चळवळीकडून. इंग्रजी सत्ता शस्त्रबळाने उलथून टाकण्यासाठी आयरिश स्थलांतरितांनी उभारलेली ती गुप्त संघटना होती. हॉलंड यांचे बंधू मायकेल त्या वर्तुळात वावरत असत. या चळवळीला धर्मसभेची मान्यता नव्हतीच. उलट १२ जानेवारी १८७० रोजी, परमगुरुस्वामी नववे पायस यांच्या कारकिर्दीत, रोमच्या होली ऑफिसने ती निषिद्ध गुप्त संघटनांत मोडते व तिचे सदस्य बहिष्कारास पात्र ठरतात असा निर्णय दिला होता. चार वर्षांनी पॅटरसनच्या धर्मग्राम शाळेत मुलांना शिकविणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसणे संभवत नाही. तरीही त्यांनी तो पैसा स्वीकारला. तो पैसा घरकाम करणाऱ्या मोलकरणी आणि गोदीतील मजूर यांनी पोटाला चिमटा घेऊन दिलेला होता हेही खरे, आणि त्या निधीच्या प्रवर्तकांपैकी काहींनी पुढे लंडनसारख्या शहरांत डायनामाइटचे स्फोट घडविले हेही खरे. दुष्काळात होरपळलेल्या मुलाचा संताप समजून घेता येतो. परंतु समजून घेणे म्हणजे समर्थन करणे नव्हे.

फेनियन पुढाऱ्यांची खात्री पटविण्यासाठी हॉलंड यांनी न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंड येथे सुमारे तीस इंचांची चालती प्रतिकृती पाण्यात सोडून दाखविली. पैसे मंजूर झाले ते त्या प्रतिकृतीमुळे. २२ मे १८७८ रोजी साडेचौदा फूट लांबीची, एका माणसाने चालवावयाची पहिली पाणबुडी पॅटरसन येथे पासेइक नदीत उतरविण्यात आली आणि पाहता पाहता तळाला गेली. दोर बांधलेले असल्यामुळे ती वर ओढता आली. वजनाचा हिशेब पुन्हा जुळविण्यात आला. पुढे शाळेचे हे मास्तर स्वतः आत बसून बुडी मारून वर आले. चाचण्या झाल्यावर उपयोगी सुटे भाग काढून घेऊन त्यांनी ती बोट नदीतच बुडविली. १९२७ साली ती गाळातून बाहेर काढण्यात आली आणि आता पॅटरसनच्या संग्रहालयात आहे.

प्रतिकृती करणाऱ्या आपल्या मुलांसाठी येथे एक गोष्ट सांगून ठेवतो. खारे पाणी गोड्या पाण्याहून सुमारे अडीच टक्के जड असते. त्यामुळे मुंबईच्या समुद्रात बरोबर तोललेली बोट कृष्णेच्या पाण्यात आणली तर ती बुडेल. पाणबुडीच्या बाबतीत एवढासा फरकही जीवघेणा ठरतो. हॉलंड यांची खरी प्रतिभा याच तोलात दिसते. इतर संशोधक बोटीत पाणी भरून तिला दगडासारखी सरळ खाली नेऊ पाहत असत. हॉलंड यांनी बोट पाण्याहून किंचित हलकी ठेवली, तिचा गुरुत्वमध्य स्थिर राखला आणि चालत्या बोटीला मागच्या आडव्या सुकाणूंनी डॉल्फिनप्रमाणे तिरपी बुडी मारावयास लावले. यंत्र बंद पडले तरी बोट आपोआप वर येणार, ही त्यातील सोय होती.

मे १८८१ मध्ये ३१ फूट लांबीची, तीन माणसांची दुसरी बोट पाण्यात उतरली. वर्तमानपत्रांनी तिला ‘फेनियन रॅम’ हे नाव दिले. न्यूयॉर्क बंदरात तिने अनेक यशस्वी बुड्या मारल्या. परंतु संघटनेत पैशावरून भांडणे जुंपली आणि नोव्हेंबर १८८३ मध्ये एका गटाने रात्रीच्या वेळी ही बोट चोरून न्यू हेवनला नेली. सोबत नेलेली तिसरी, लहान बोट वाटेतच बुडाली. ‘फेनियन रॅम’ चालविण्याचे ज्ञान चोरणाऱ्यांपैकी कोणालाच नव्हते. हॉलंड यांनी त्या मंडळींशी संबंध कायमचा तोडला. एकवीस वर्षे मनात बाळगलेल्या राजकीय स्वप्नाचा असा चोरीत शेवट झाला, आणि मला वाटते, ते त्यांच्या दृष्टीने हिताचेच झाले.

याच काळात इंग्लंडमध्ये जॉर्ज गॅरेट या अँग्लिकन धर्मोपदेशकानेही पाणबुडी बांधली होती. तिचे नाव त्याने लॅटिनमध्ये ‘रेसुर्गाम’, म्हणजे मी पुन्हा उठेन, असे ठेवले. फेब्रुवारी १८८० मध्ये वेल्सच्या किनाऱ्याजवळ ती बुडाली ती पुन्हा उठली नाही. १९९५ साली तिचे अवशेष समुद्रतळाशी सापडले.

हॉलंड यांची पुढील वर्षे ओढगस्तीची गेली. १८८७ साली मार्गारेट फोली यांच्याशी त्यांचा विवाह झाला. संसार वाढला, पैसा मात्र नव्हता. नौदलाच्या स्पर्धांत त्यांचा आराखडा सरस ठरे आणि सरकार काम देण्याचे लांबणीवर टाकी. अखेर १८९५ साली काम मिळाले तेव्हा नौदलाने वाफेच्या इंजिनाचा हट्ट धरला. बंद बोटीत त्या इंजिनाची उष्णता माणसाला सहन होणार नाही हे हॉलंड जाणून होते. ती बोट फसणार हे दिसत असल्यामुळे त्यांनी कंपनीच्या पैशाने स्वतःच्या मनासारखी वेगळी बोट बांधावयास घेतली. पृष्ठभागावर पेट्रोलचे इंजिन आणि पाण्याखाली बॅटरीवर चालणारी विजेची मोटर, ही तिची जोडव्यवस्था पुढे अर्धशतक जगभरच्या पाणबुड्यांना पायाभूत ठरली. १७ मे १८९७ रोजी ती पाण्यात उतरली. १७ मार्च १८९८ रोजी, आयर्लंडचे आश्रयदाते संत पॅट्रिक यांच्या सणाच्या दिवशी, न्यूयॉर्कच्या स्टॅटन आयलंडजवळ तिने पाण्याखाली यशस्वी बुडी मारली. ११ एप्रिल १९०० रोजी अमेरिकी नौदलाने ती दीड लाख डॉलरला विकत घेतली आणि तिला हॉलंड यांचेच नाव दिले.

मानसन्मान मिळाला, पण मालकी गेली. नव्या कंपनीच्या हाती त्यांची सर्व पेटंटे होती आणि निर्णयात त्यांना स्थान उरले नाही. १९०४ साली त्यांनी राजीनामा दिला. स्वतःची वेगळी कंपनी काढू पाहताच जुन्या कंपनीने त्यांना न्यायालयात खेचले. दरम्यान त्याच कंपनीने हॉलंड यांचे आराखडे इंग्लंडलाही विकले होते. ब्रिटिश आरमाराची पहिली पाणबुडी २ ऑक्टोबर १९०१ रोजी बॅरो येथे पाण्यात उतरली आणि तिचे नावही हॉलंड होते. ज्या आरमाराचा तळ फोडण्यासाठी मठातल्या शिक्षकाने चावीची बोट केली होती, त्याच आरमाराची ती शस्त्र बनली. जपाननेही पाच बोटी घेतल्या आणि तेथील सम्राटांनी हॉलंड यांना पदक दिले.

उतारवयात हॉलंड यांची अशी धारणा झाली होती की पाणबुडीवर कोणताच उतारा नसल्यामुळे राष्ट्रे सागरी युद्ध करण्यास धजणारच नाहीत आणि शांतता नांदेल. शस्त्राच्या धाकाने शांतता येईल हा युक्तिवाद पुढे अण्वस्त्रांच्या बाबतीतही केला गेला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली ‘गौदियुम एत स्पेस’ या दस्तऐवजात त्याचा विचार केला आणि शस्त्रस्पर्धा हा शांततेचा खात्रीचा मार्ग नव्हे असे स्पष्टपणे सांगितले. तथापि स्वदेशाच्या रक्षणासाठी सैन्यात सेवा करणाऱ्यांचा त्याच दस्तऐवजाने गौरवही केला आहे. सातारा जिल्ह्यात हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. येथे अपशिंगे मिलिटरीसारखी गावे आहेत, आणि देशातील पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यातच सुरू झाली. आपल्या नौदलाची पहिली पाणबुडी ‘कलवरी’ ८ डिसेंबर १९६७ रोजी, म्हणजे पवित्र मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या सणाच्या दिवशी, सेवेत दाखल झाली. नाव ऐकून आपल्याला क्रुसाचा डोंगर आठवतो, पण ते एका शार्क माशाचे मल्याळी नाव आहे. १९९२ साली सेवेत आलेली ‘शल्की’ ही तर मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली होती.

१२ ऑगस्ट १९१४ रोजी न्यूअर्क येथे न्यूमोनियाने हॉलंड यांचे निधन झाले. टोटोवा येथील होली सेपल्कर या कॅथलिक दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली. पहिले महायुद्ध सुरू होऊन तेव्हा दोन आठवडेच झाले होते. त्यांच्या मृत्यूनंतर एकेचाळीस दिवसांनी, २२ सप्टेंबरच्या पहाटे, उत्तर समुद्रात ‘यू-९’ या एकाच जर्मन पाणबुडीने ‘अबूकिर’, ‘होग’ आणि ‘क्रेसी’ या तीन ब्रिटिश चिलखती युद्धनौका सुमारे दीड तासात बुडविल्या. सुमारे १,४५० माणसे मरण पावली. त्यांत नौदल विद्यालयातून थेट नौकांवर पाठविलेले पंधरा वर्षांचे विद्यार्थीही होते.